कोकण किनाऱ्याने गाडी काढताय? आधी खाड्या मोजा, या चुका टाळा

किनाऱ्याच्या सहलीचा बेत बहुतेक जण मुंबई-गोवा महामार्गाच्या हिशेबाने आखतात आणि पहिल्याच दिवशी तो कोलमडतो. राष्ट्रीय महामार्ग 66 आतून जातो, त्यावरून समुद्र जवळजवळ दिसतच नाही. समुद्र सोबत हवा असेल तर रेवस-रेडी सागरी मार्ग धरावा लागतो. या वाटेवर किलोमीटर मोजून फारसं काही कळत नाही. राज्याचा किनारा साधारण 720 किलोमीटरचा, आणि सह्याद्रीवरून येणारी प्रत्येक मोठी नदी त्याला खाडीने कापते. म्हणून कागद घ्या आणि गावांच्या आधी खाड्या लिहून काढा. कुठे पूल आहे, कुठे फेरीबोट आहे आणि दोन्ही नसेल तर वळसा कुठून, एवढं लिहिलंत की निम्मा बेत झाला.

समोर दिसतं म्हणजे जवळ आहे, असं धरणं

हरिहरेश्वर पाहून दापोलीकडे निघालात की बागमांडल्याला सावित्रीची खाडी आडवी येते. पलीकडचं वेशवी डोळ्यांसमोर असतं आणि बोटीने काही मिनिटांत गाडीसकट तिथे पोचता येतं. बोट बंद असेल तर आंबेतच्या पुलावरून म्हाप्रळमार्गे वळसा पडतो, त्यात दोनेक तास सहज जातात. उत्तरेकडून येताना अशा चार बोटी लक्षात ठेवा: राजपुरी खाडीवर आगरदांडा ते दिघी, सावित्रीवर बागमांडला ते वेशवी, वाशिष्ठीवर दाभोळ ते धोपावे आणि शास्त्रीच्या मुखाशी तवसाळ ते जयगड.

पहिली आणि शेवटची बोट प्रत्येक धक्क्यावर वेगळ्या वेळेला असते. आदल्या संध्याकाळी मुक्कामाच्या घरमालकांना विचारा, त्यांना ती पाठ असते. दाभोळची बोट बंद निघाली तर दापोलीहून खेड-चिपळूणमार्गे गुहागरला जायचं. तवसाळला अडलात तर भातगावच्या पुलावरून शास्त्री ओलांडायची. मोबाइलवरचा नकाशा उगाच लांबचा रस्ता दाखवत असेल तर फेरी टाळण्याचा पर्याय चालू राहिला आहे का ते बघा. बऱ्याचदा कारण तेवढंच असतं.

ओहोटीला बोटीची फळी जास्त उतरती होते, आणि खाली बसकी गाडी असेल तर तिचं पोट घासतं. प्रवासी आधी उतरवा, गाडी अगदी हळू घ्या, बोटीवरचा माणूस हाताने दाखवेल तसंच स्टिअरिंग फिरवा. गाडी उभी केल्यावर हॅंडब्रेक लावून गिअरमध्ये ठेवा.

दक्षिणेला देवबागचं उदाहरण सांगण्यासारखं आहे. कर्ली नदीच्या मुखाशी उभं राहिलं की पलीकडे भोगवे दिसतं. पर्यटक होडीने तिकडे जातात, गाडी मात्र जात नाही. तिला मागे मालवणकडे येऊन नेरूरपारच्या पुलावरून परुळ्याला जावं लागतं. देवबागला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर वेंगुर्ला गाठायचा असेल तर हा फेरा आधीच धरा.

नावावरून गाव निवडणं

मुरूड दोन आहेत. एक रायगड जिल्ह्यात, जंजिऱ्याजवळचं, आणि दुसरं दापोली तालुक्यात, कर्द्याच्या शेजारी. वेळासही दोन. कासवांचं वेळास मंडणगड तालुक्यात आहे, दुसरं दिघी आणि दिवेआगरच्या मधल्या पट्ट्यात. खोली ठरवताना तालुका विचारा आणि नकाशावर खूण मागवून घ्या.

भरतीची वेळ न बघता दिवस आखणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच, आणि कधीकधी ती जिवावर बेतते. हरिहरेश्वरच्या देवळामागून खडकांतून जाणारी प्रदक्षिणेची वाट ओहोटीला चालण्याजोगी असते. भरतीला तिच्यावर लाटा आदळतात, आणि तिथून माणसं ओढली गेलेली आहेत. गावातलं कोणी "आता नको" म्हणालं तर तिथेच थांबा, वाद घालू नका. गणपतीपुळ्याचा समुद्र देखणा आहे, पण पोहण्यासाठी तो धोक्याचा. पाण्याची ओढ वरून दिसत नाही. गुडघाभर पाण्यापलीकडे जाऊ नका आणि मुलांना तर एकटं अजिबात सोडू नका.

अंदाज बांधायला किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा हिशेब अजून उपयोगी पडतो: तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा-बाराच्या आसपास. त्यापासून सहा तासांनी ओहोटी. वेळ रोज पाऊण तासाने, थोडी जास्तच, पुढे सरकते. हा आडाखा आहे, तासभर इकडेतिकडे होतो, म्हणून त्या ठिकाणच्या भरती-ओहोटीच्या कोष्टकाशी ताडून घ्या. पण घरी बसून दिवस लावायला तो पुरेसा आहे.

शिवाय नुसती वेळ बघून भागत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी खूप चढतं आणि तितकंच मागे हटतं. अष्टमीच्या सुमाराला भांगाचे दिवस असतात, तेव्हा पाणी पुरतं ओसरत नाही. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात चालत जायचं असेल तर उधाणाच्या दिवसांतली ओहोटी निवडा, आणि परतायची वेळ ठरवूनच आत शिरा.

गाडी पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, उतरवणं

हे करूच नका. वेळास, आंजर्ले आणि किनाऱ्यावरच्या इतर काही पुळणींवर ऑलिव्ह रिडले कासवं वाळूत घरटी करून अंडी घालतात. वर चाक फिरलं तर सगळं संपलं. पिल्लं समुद्रात सोडताना बघायची असतील तर साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये जा. गावातच राहा, अंधारात टॉर्च आणि फ्लॅश बंद ठेवा. एक-दोन दिवसांत पिल्लं निघतीलच असं नसतं, म्हणून फक्त तेवढ्यासाठी धावतपळत जाण्यापेक्षा निवांत मुक्काम ठेवा.

तरीही गाडी रुतलीच, तर अ‍ॅक्सिलरेटर दाबत बसू नका, चाक आणखी खोल जातं. पहिल्यांदा भरती चढते आहे की उतरते आहे ते बघा. चढत असेल तर वेळ न दवडता गावातून ट्रॅक्टर मागवा. वेळ हाताशी असेल तर टायरमधली हवा बरीच कमी करा, चाकांपुढची वाळू हातांनी उकरा, खाली झावळ्या किंवा गाडीतली मॅट सरकवा आणि पहिल्या गिअरमध्ये सावकाश काढा. पक्क्या रस्त्यावर आलात की हवा भरून घ्या. खारं पाणी लागलं असेल तर त्याच दिवशी गाडीचा तळ गोड्या पाण्याने धुवायला हवा, नाहीतर गंज धरतो.

एका फेरीत अलिबाग ते वेंगुर्ला

तीन-चार दिवसांत हे बसवणारे लोक सगळा वेळ गाडीत काढतात. सागरी रस्ता गावांमधून, नारळी-पोफळीच्या आगरांच्या कुंपणांना खेटून जातो. तासाला पंचवीस-तीस किलोमीटर हिशेबात धरा आणि दिवसाचा पल्ला शंभराच्या आत ठेवा. माझं स्पष्ट मत आहे की एका खेपेला अर्धाच किनारा करावा: मुरूड, दिवेआगर, हर्णै, गुहागर एकदा, आणि रत्नागिरी, देवगड, मालवण, वेंगुर्ला दुसऱ्यांदा. हर्णैच्या बंदरावर मासळीचा लिलाव संध्याकाळी असतो. तिथे तासभर उभं राहायला सवड नसेल तर मग एवढ्या लांब कशाला जायचं?

परत येताना पुन्हा किनाऱ्याने येण्याचा हट्ट धरू नका. गुहागरहून कुंभार्ली घाट, रत्नागिरीहून आंबा घाट, वेंगुर्ल्याहून आंबोली, असा घाट चढून देशावर या. तो दिवस आधीच वेगळा काढून ठेवा.

घरगुती जेवण ऐनवेळी मिळत नाही. सकाळीच किती माणसं, मासे की शाकाहारी, ते फोनवर सांगा, उकडीचे मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी. रोख पैसे जवळ ठेवा, रेंज नसली की मोबाइलवरून पैसे जात नाहीत. पेट्रोल तालुक्याच्या गावी भरून पुढे निघा. अंधार पडल्यावर गाडी चालवू नका, वळणावर गुरं बसलेली असतात.

हंगाम न बघणं

गणेशोत्सव आणि शिमग्याला चाकरमानी गावी जातात. तेव्हा महामार्ग तुंबतो आणि खोल्या मिळत नाहीत, ते दिवस त्यांना सोडा. मे महिन्यात आंबा असतो, सोबत घाम आणि गर्दीही. पावसाळ्यात कोकण हिरवंगार दिसतं, पण जंजिरा आणि सिंधुदुर्ग किल्ल्यांच्या होड्या बंद असतात, तारकर्लीचं स्कूबाही. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते, म्हणून त्या काळात ताटात ताजी समुद्राची मासळी मागू नका, खाडीतलं काय आहे ते विचारा. भोरहून महाडला उतरणारा वरंध घाट पावसाळ्यात वारंवार बंद ठेवतात. निघायच्या सकाळी घाटाची चौकशी करा आणि बंद असेल तर ताम्हिणीकडून उतरा.