आव्हिन्योंला जाताय? आधी पोटाचं घड्याळ लावून घ्या

युरोप म्हटलं की आपल्याकडची माणसं दहा दिवसात सात शहरं असलं पॅकेज घेतात आणि परत आल्यावर कुठला फोटो कुठल्या गावचा तेच आठवत नाही. माझं म्हणणं, त्यातले तीन-चार दिवस वाचवा आणि दक्षिण फ्रान्समधल्या आव्हिन्योंला एकाच ठिकाणी मुक्काम टाका. रोन नदीच्या काठावरचं जुनं गाव, भोवती चार किलोमीटरच्या वर दगडी तट अजून उभा आहे, आणि आतलं सगळं पायी फिरता येतं. मी आणि बायको सप्टेंबरात चार रात्री राहिलो, तेही कमीच पडलं.

आधी व्हिसाचं बघा. शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा, सहा महिने आधीपासून मागता येतो, फी ९० युरो, आणि ट्रॅव्हल इन्शुरन्स कमीत कमी ३०,००० युरोचं लागतं. बोटांचे ठसे द्यायला आमच्या बेळगावहून बेंगळूरला जाता येतं, रात्रीची राणी चन्नम्मा एक्स्प्रेस धरली की सकाळी तिथं, काम आटपून दुसऱ्या रात्री परत. पॅरिसला उतरलात की एअरपोर्टलाच टीजीव्ही नावाच्या फास्ट गाडीचं स्टेशन आहे, तिथून काही थेट गाड्या आहेत, नाहीतर शहरातल्या गार द ल्यों स्टेशनवरून पावणेतीन तासात पोचता. एक लक्षात ठेवा, फास्ट गाडी गावाबाहेरच्या स्टेशनला थांबते, तिथून छोटी लोकल पाच मिनिटात गावात सोडते, टॅक्सीला पैसे घालू नका.

कधी जायचं? मे-जून किंवा सप्टेंबर. जुलैत नाटकांचा मोठा उत्सव असतो, १९४७ पासून चालत आलाय, नाटकवेड्या माणसाने तेव्हाच जावं पण खोली फार आधी धरायला पाहिजे आणि ऊनही सडकून असतं. आणि मिस्त्राल नावाचा वारा सुटतो तिथं, उत्तरेकडून, भर उन्हातसुद्धा कानात घुसतो, एक जाड जॅकेट असू द्याच.

आता पोटाचं. तिथं जेवण बारा ते दोन, मग किचन बंद ते थेट सात-साडेसातला उघडतं. आम्ही पहिल्या दिवशी अडीचला एका हॉटेलात गेलो, खुर्च्या मांडलेल्या, माणसं कॉफी पीत बसलेली, पण जेवण नाही म्हणाले, चार दारं फिरून शेवटी पाव आणि चीज घेऊन बाकावर बसलो, बायकोचं डोकं दुखायला लागलं होतं. तेव्हा दुपारी साडेबाराला टेबलावर बसायचंच. फळ्यावर ‘प्ला द्यु झूर’ लिहिलेलं असतं, म्हणजे आजचा पदार्थ, ताजा आणि त्यातल्या त्यात स्वस्त. पाणी मागताना ‘कराफ दो’ म्हणा, नळाचं पाणी जगमध्ये फुकट देतात. आणि कुठल्याही दुकानात शिरताना आधी ‘बोंजूर’, मग काय पाहिजे ते. हे न म्हणता एकदम भाव विचारला तर त्यांना तो उद्धटपणा वाटतो, आपल्याकडे म्हाताऱ्या दुकानदाराला ‘काय मामा’ न म्हणता माल मागितला तर कसं होईल तसंच.

सकाळ मात्र ‘ले हाल’ला द्या. प्लास पी चौकातली झाकलेली मंडई, समोरची अख्खी भिंत झाडांनी भरलेली, सोमवारी बंद आणि बाकी दिवशी दुपारी आवरून टाकतात, म्हणून नऊला जा. तिथं फळाला हात लावायचा नसतो, बेळगावच्या गणपत गल्लीत आपण टोमॅटो दाबून बघतो तसं करू नका. शेजारच्या काव्हाय्यों गावची खरबुजं प्रसिद्ध आहेत, मी एक मागितलं तर बाईंनी विचारलं आज खाणार की उद्या, आज म्हटल्यावर तिनं तीन-चार फळं एकेक करून हातात तोलली, देठाजवळ अंगठ्याने हलकेच दाबलं, उलटं करून वास घेतला आणि एक दिलं. खोलीवर कापलं तर आत केशरी, रस मनगटापर्यंत ओघळला. असं खरबूज मी आयुष्यात खाल्लं नव्हतं.

शाकाहारी लोकांनी नीट वाचा. काळ्या ऑलिव्हची तापेनाद चटणीसारखी दिसते आणि पावाला लावून देतात, पण तिच्यात बहुतेक वेळा आंश्वा म्हणजे खारवलेली मासळी वाटलेली असते, विचारल्याशिवाय खाऊ नका. ‘सां व्यांद, सां प्वासों’ एवढं पाठ करा, मटण नको मासे नको. राताटुई म्हणजे एकत्र शिजवलेल्या भाज्या, भट्टीत भाजलेला भाज्यांचा तियाँ, फुगास नावाचा पाव हे बघा, पावात मटण भरलेलं नाही एवढं विचारून घ्या. पिस्तू घातलेलं सूप मात्र सोडू नका, पिस्तू म्हणजे तुळशीच्या जातीची पानं, लसूण आणि ऑलिव्ह तेल खलबत्त्यात कुटून केलेलं, आपल्या ठेच्याचा लांबचा भाऊच, फक्त मिरची नाही. सूपमध्येही डुकराचं मटण टाकतात कधी, तेही विचारा.

वारसा म्हणाल तर सीमाभागातल्या माणसाला हे गाव लगेच कळतं. १३०९ ते १३७७ या काळात सात पोप रोमऐवजी इथं राहिले, १३४८ ला सहाव्या क्लेमेंटने नेपल्सच्या राणीकडून गाव ८०,००० फ्लोरिनना विकत घेतलं आणि १७९१ पर्यंत ते फ्रान्सचं नव्हतंच. नदीच्या अलीकडं पोप, पलीकडं फ्रान्सचा राजा, आणि बाजारहाट दोन्हीकडं. पोपांचा राजवाडा बघायला अर्धा दिवस ठेवा, तिकिटात टॅब्लेट मिळतो, रिकाम्या खोलीत धरला की तेव्हाचं सामान दिसतं. घाईत असाल तरी दोन गोष्टी चुकवू नका, ४८ मीटर लांब जेवणाचा हॉल आणि त्याला लागून असलेलं स्वयंपाकघर, जिथं अख्खं छप्परच धुरांडं होऊन वर निमुळतं होत गेलंय. आणि पोपच्या अभ्यासिकेत भिंतीवर शिकारीची आणि मासे पाळायच्या तळ्याची चित्रं आहेत, देवाधर्माचं काहीच नाही, मी तिथं बराच वेळ उभा होतो.

रोन नदीवरचा इथला प्रसिद्ध पूल १२ व्या शतकातला. मूळ २२ कमानी होत्या, पुरांनी वाहून जाता जाता चारच उरल्या. वर तिकीट काढून चालता येतं, पण पूल खरा दिसतो तो नदीतल्या बार्तलास बेटावरून, तिकडं फुकट होडी जाते, हिवाळ्यात रोज नसते. आम्ही पाव, ऑलिव्ह आणि उरलेलं खरबूज घेऊन संध्याकाळी तिथं बसलो होतो, पूल पाण्यात जाऊन मध्येच थांबलेला, मागं राजवाड्याच्या भिंतीवर पिवळं ऊन. दुसऱ्या दिवशी नदीपलीकडच्या विलनव्ह गावाला पण जा, फ्रान्सच्या राजाने पुलाच्या टोकाला बांधलेला बुरूज अजून आहे, बरेच टुरिस्ट तिकडं फिरकतच नाहीत.

येताना ऑलिव्ह तेल चेक-इन बॅगेतच घाला. आणि पापलीन म्हणून गुलाबी चॉकलेट मिळतं, त्यात औषधी वनस्पतींची दारू भरलेली असते, घरात कुणाला वर्ज्य असेल तर हातावर ठेवायच्या आधी सांगा.