जुनी मारुती ठकठक करते, मिसिंगही मारते: मेकॅनिककडे नेण्याआधीची तयारी

मारुती 800 चं उत्पादन जानेवारी 2014 मध्ये थांबलं. म्हणजे नागपुरात आज धावणारी सगळ्यात नवी 800 सुद्धा दहा वर्षांच्या पुढची आहे, आणि कार्बोरेटरवाल्या तर पंचविशीच्या आसपास पोचल्या आहेत. तरी त्यांच्या तीन सिलिंडरांच्या 796 सीसी इंजिनात अजून दम आहे. मग एक दिवस बॉनेटखालून मोठा आवाज सुरू होतो, गाडी झटके मारायला लागते आणि कुणीतरी आत न बघताच सांगून टाकतो, "इंजिनकाम निघालं." तेवढ्यावर गाडी सोडू किंवा विकू नका. एक सकाळ राखून ठेवा आणि एकाच प्रश्नाचा पिच्छा पुरवा: मिस करतो, म्हणजे ज्यात पेट्रोल नीट पेटत नाही, तो सिलिंडर आणि वाजतो तो सिलिंडर एकच आहे का? एकच असेल तर बहुधा दोष एक आहे आणि खर्चही एकाच जागी आहे. वेगळे असतील तर दोन कामं आहेत, आणि ती एकमेकांत मिसळू द्यायची नाहीत.

आदल्या संध्याकाळी सामान जमवा. गाडीच्या प्लगच्या मापाचा प्लग पाना, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या), टॉर्च, चिंध्या, हातभर रबरी नळी, एक चालू स्थितीतला जादा प्लग, मार्कर आणि जाड पुठ्ठ्याचा तुकडा. सिलिंडरमधला दाब मोजणारं कॉम्प्रेशन गेज बहुतेकांकडे नसतं. ओळखीच्या मेकॅनिककडून तासाभरासाठी मागून आणा, किंवा तेवढी तपासणी त्याच्याकडेच करून घ्या. बॅटरी चार्ज असू द्या. इंजिन बंद शेडमध्ये चालवू नका, ओढणी किंवा सैल बाह्या पंख्यापासून आणि फिरत्या पट्ट्यापासून लांब ठेवा, आणि पेट्रोलचा वास येत असेल तर गळती सापडेपर्यंत पुढची एकही पायरी करू नका.

सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना पहिलं काम डिपस्टिकचं. ऑइल कमी असेल तर आधी ते भरा. नुसत्या कमी ऑइलनंही टॅपेट, म्हणजे वॉल्व्ह उघडणारे वरचे भाग, वाजतात. ऑइल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी गेलं आहे, इंजिन सुरू करू नका. खालून धडधड असा जड आवाज येत असेल आणि ऑइलचा लाल दिवा लुकलुकत असेल, तरीही तेच: गाडी टो करून न्या. अशा वेळी "गॅरेज जवळच आहे" म्हणून दोन किलोमीटर चालवणं क्रँकच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या खालच्या दांड्याच्या, जिवावर बेतू शकतं.

हे सगळं ठीक असेल तर इंजिन सुरू करा आणि पहिली दोन मिनिटं मोबाइलवर रेकॉर्ड करा. थंड इंजिनाचा आवाज पुन्हा दुसऱ्या दिवशीच मिळतो, म्हणून ही संधी घालवू नका. रेकॉर्डिंग हळू वेगानं ऐकलं की फरक उमगतो. वॉल्व्हची टकटक क्रँकच्या निम्म्या वेगानं येते. आयडलिंग 900 आरपीएम धरलं तर एक वॉल्व्ह सेकंदाला सात-आठ वेळा वाजतो. क्रँकच्या प्रत्येक फेरीला येणारा जड ठोका खालच्या बाजूचा समजा. सुरुवातीला फटफट आणि इंजिन तापल्यावर कमी होणारा आवाज बहुतेकदा एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (धुराच्या नळीच्या इंजिनकडच्या जोडाच्या) गॅस्केटचा असतो, कारण धातू तापून फुगला की फट दाबली जाते. तिथे काळी काजळी दिसेल. रबरी नळीचं एक टोक कानाशी धरून दुसरं हेडवरून, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागावरून, हळूहळू फिरवा, आवाजाची जागा सापडते. प्लगच्या बुडाशी फसफस ऐकू आली तर प्लगच ढिला असेल. ढिला प्लग आवाजही करतो आणि मिसही करवतो, आणि त्याचं काम पाच मिनिटांचं असतं.

आता मेलेला सिलिंडर शोधायचा. कार्बोरेटरच्या गाडीत इंजिन बंद करून एका प्लगची वायर काढा, तिच्यात जादा प्लग बसवा, त्याची धातूची बाजू इंजिनच्या उघड्या धातूला नीट टेकवून बांधा आणि इंजिन सुरू करून थोडा वेळ ऐका. टायमिंग बेल्टकडून (क्रँकसोबत वॉल्व्हची यंत्रणा फिरवणाऱ्या पट्ट्याच्या बाजूनं) एक, दोन, तीन अशा क्रमानं तिन्ही तपासा. चालू सिलिंडर बंद केला की इंजिन लडखडतं. ज्याची वायर काढून काहीच फरक पडत नाही, तो आधीच मेलेला आहे. एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टर असलेल्या) गाडीवर हा प्रयोग घरी करू नका, स्कॅनर लावून घ्या. ऐकताना आवाजाकडेही लक्ष असू द्या. चालू सिलिंडर बंद केल्यावर ठोका दबला तर त्याच्या बेअरिंगवर किंवा पिस्टनवर संशय घ्या. तिन्ही वेळा टकटक जशीच्या तशी राहिली तर वर टॅपेटकडे बघा. वॉल्व्हला दाबणाऱ्या रॉकरचा स्क्रू ढिला पडला की वॉल्व्ह पुरता उघडत नाही. तोच सिलिंडर मिस करतो आणि तोच वाजतो. पूर्ण इंजिनकामाला हो म्हणण्याआधी टॅपेटची फट मोजायला लावा, असं मी आग्रहानं सांगेन.

प्लग इंजिन निवल्यावरच काढा. हेड ॲल्युमिनियमचं आहे, गरम असताना प्लगच्या भोकाचे आटे खराब होतात. काढलेले प्लग पुठ्ठ्यात 1, 2, 3 लिहून खोचा. तपकिरी म्हणजे ठीक, कोरडा काळा म्हणजे पेट्रोल जास्त, तेलकट म्हणजे ऑइल वर येतंय, पांढराफट्ट म्हणजे पेट्रोल कमी किंवा उष्णता जास्त. संशयित प्लग शेजारच्या सिलिंडरमध्ये लावा. मिसिंग त्याच्यासोबत सरकलं तर दोष प्लगचा. नाही सरकलं तर वायर, डिस्ट्रिब्युटरची कॅप आणि रोटर बघा. पावसाळ्यात दमट सकाळी मिस करणारी गाडी रात्री अंधारात बॉनेट उघडून चालवा. वायरवरून निळ्या ठिणग्या उडताना डोळ्यांनी दिसतात. गॅस किट असेल तर दोन्ही इंधनांवर चालवून बघा. एकावरच मिस करत असेल तर स्पार्क आणि कॉम्प्रेशन बहुधा निर्दोष आहेत.

खरा निकाल कॉम्प्रेशन देतं. तिन्ही प्लग बाहेर, कॉइलचं कनेक्शन काढलेलं, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, मग प्रत्येक सिलिंडरला सारखाच वेळ स्टार्टर फिरवून आकडा लिहा. आकडे एकमेकांच्या जवळ हवेत. एखादा दहा टक्क्यांहून जास्त मागे पडला तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंग झिजल्या आहेत. चढला नाही तर वॉल्व्ह किंवा गॅस्केट. शेजारचे दोन एकदम कमी आले तर त्यांच्यामध्ये हेड गॅस्केट फुटलेलं असू शकतं. तिन्ही कमी आले तर टायमिंग बेल्टचा दाता सरकला आहे का, ते आधी बघायला सांगा.

उन्हाळ्याचं वेगळं आहे. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे असताना वर्धा रोडच्या सिग्नलवर कार्बोरेटरची गाडी झटके खाऊन बंद पडली, आवाज मात्र काहीच नाही, आणि सावलीत अर्धा तास ठेवल्यावर सुरू झाली, तर पेट्रोल नळीतच वाफ होऊन अडलेलं असण्याची शक्यता मोठी आहे. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि या गाड्यांच्या रबरी नळ्या त्यासाठी बनलेल्या नव्हत्या. फुगलेली, तडकलेली नळी आणि पेट्रोल फिल्टर यावर पैसे खर्चायला कचरू नका.

मेकॅनिककडे जाताना "आवाज येतो" एवढंच सांगू नका. "भाऊ, दोन नंबर मिस करतो, टकटकही तिथूनच आहे, इंजिन थंड असताना जास्त आहे, प्लग बदलून पाहिला, कॉम्प्रेशन हे असं आलं," असं कागदावर लिहून द्या. हेड उघडायचं ठरलं तर वॉल्व्ह ग्राइंडिंग आणि हेड फेसिंगचे (हेडची खालची बाजू सपाट करण्याचे) लेथवाल्याचे दर वेगळे लिहून घ्या आणि जुना गॅस्केट, जुने वॉल्व्ह परत मागा. काम झाल्यावर मेकॅनिकला शेजारी बसवून सेमिनरी हिल्सचा चढ तिसऱ्या गिअरमध्ये चढा. रिकाम्या आयडलिंगला गुळगुळीत चालणारं इंजिन चढावर मिस करू शकतं, म्हणून पूर्ण पैसे या फेरीनंतर द्या.