घड्याळांची तुलना करताना आधी आतले यंत्र पाहा

दोन मनगटी घड्याळे समोर ठेवली की नजर आधी तबकडीवर आणि तिच्यावरच्या नावावर जाते. तुलना तिथून सुरू केली तर आपण पैसे नेमके कशाचे मोजतोय हे शेवटपर्यंत कळत नाही. म्हणून कागदावर दोन रकाने आखा आणि आतून बाहेर या.

पहिली नोंद यंत्राची करा. क्वार्ट्झ घड्याळात सेलच्या विजेवर एक स्फटिक सेकंदाला 32,768 वेळा कंप पावतो, म्हणून साधे क्वार्ट्झसुद्धा महिन्याला साधारण 15 सेकंदच इकडेतिकडे होते. ऑटोमॅटिकला हाताच्या हालचालीने चावी मिळते, त्यात सेल नसतो. पण सेइको या जपानी कंपनीच्या एनएच 35 या यंत्राला दिवसाला 20 सेकंद मागे ते 40 सेकंद पुढे एवढी मुभा आहे. रोज 40 सेकंद पुढे गेले, तर महिन्यात 20 मिनिटे होतात! प्रत्यक्षात बहुतेक घड्याळे यापेक्षा बरी चालतात, तरीही अचूक वेळच हवी असेल तर क्वार्ट्झ घ्या, त्यात कमीपणा काही नाही. ऑटोमॅटिक घ्यायचे ते कितीतरी बारीक भाग एका स्प्रिंगवर चालताना पाहण्याच्या आनंदासाठी, आणि तो आनंद खरा आहे.

आता यंत्राचा क्रमांक शोधा. माझ्या मते सगळ्या तुलनेत ही सर्वांत महत्त्वाची पायरी आहे, आणि नेमकी हीच बहुतेक जण गाळतात. एनएच 35 हे यंत्र सेइको इतर कंपन्यांनाही विकते. त्यामुळे किमतीत बरेच अंतर असलेल्या दोन घड्याळांच्या पोटात एकच यंत्र निघू शकते. तसे निघाले, तर जास्तीचे पैसे केस म्हणजे घड्याळाचे बाहेरचे कवच, काच, घडणीची सफाई आणि नाव यांचे आहेत. ते द्यायचे की नाही हे मग डोळसपणे ठरवता येते.

चावी किती तास पुरते तेही लिहा. एनएच 35 सुमारे 41 तास चालते, म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी सातला काढून ठेवलेले घड्याळ रविवारी दुपारी थांबणार. टिसो या स्विस कंपनीच्या अनेक घड्याळांतले पॉवरमॅटिक 80 हे यंत्र 80 तासांचे आहे. ते सोमवारी सकाळी चालूच सापडेल.

काच नीलमणी म्हणजे सफायर आहे का, ते विचारा. धुळीतल्या वाळूचा कठीणपणा मोह्स मापावर 7 असतो आणि सफायरचा 9, त्यामुळे रोजच्या वापरात तिच्यावर सहसा ओरखडे उमटत नाहीत. साध्या मिनरल काचेवर उमटतात. मात्र जोराचा धक्का बसला तर सफायर तडकू शकते.

घड्याळ पाणी किती सोसेल ते सांगणाऱ्या आकड्याने फसू नका. 30 मीटर लिहिलेले घड्याळ हात धुताना उडणाऱ्या थेंबांपुरते असते. पोहायचे असेल तर किमान 100 मीटर हवे. पाणी अडवणारी आतली रबरी कडी वर्षांगणिक कडक होते, म्हणून जुन्या घड्याळावर छापलेला आकडा तपासून घेतल्याशिवाय खरा मानू नका.

मग खर्च मांडा. क्वार्ट्झला काही वर्षांनी सेल लागतो, तर ऑटोमॅटिक साधारण पाच ते दहा वर्षांनी उघडून साफ करून तेल द्यावे लागते. या सर्व्हिसिंगचा दर खरेदीआधीच विचारा. स्वस्त ऑटोमॅटिकमध्ये कधी कधी सर्व्हिसिंगपेक्षा यंत्रच बदलणे परवडते. स्मार्टवॉचची तुलना करत असाल, तर सॉफ्टवेअरचे अपडेट किती वर्षे मिळणार हा प्रश्न आधी विचारा.

शेवटी घड्याळ मनगटावर चढवा. केसचा व्यास सगळे पाहतात, पण घड्याळ कसे बसेल ते वरच्या आणि खालच्या बाजूला पट्टा जिथे अडकतो, त्या टोकांमधल्या अंतरावर ठरते. ही टोके मनगटाच्या सपाट भागाबाहेर डोकावत असतील, तर ते घड्याळ तुमच्या मापाचे नाही. धातूचा पट्टा दुकानातच मापाला करून घ्या आणि काढलेल्या कड्या डबीत जपून ठेवा.