चँट्री चॅपलमधल्या ढाली आणि चिन्हं ओळखताना या चुका टाळा

इंग्लंडमधल्या जुन्या कॅथेड्रलात, म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चमध्ये, चँट्री चॅपल असतं, म्हणजे मेलेल्या माणसाच्या आत्म्यासाठी कायम प्रार्थना होत राहावी म्हणून पैसे लावून करून ठेवलेली छोटी खोली. तिच्या दगडी जाळीवर इतक्या ढाली, फुलं नि प्राणी कोरलेले असतात की बघणारा फोटो काढतो आणि मग घरी येऊन गुगलवर भलतंच काहीतरी जुळवत बसतो. उदाहरणाला वूस्टर कॅथेड्रलमधलं प्रिन्स आर्थरचं चॅपल घेऊ. हा सातव्या हेन्रीचा थोरला मुलगा, २ एप्रिल १५०२ ला लडलोला वारला, वय अवघं १५, आणि स्पेनच्या राजकन्येशी, कॅथरीन ऑफ अॅरागॉनशी, लग्न होऊन पाच महिनेही झाले नव्हते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे तिथलं प्रत्येक चिन्ह आर्थरचंच समजणं. डाळिंब दिसलं? ते कॅथरीनचं, स्पेनमधल्या ग्रानाडाचं. बाणांची जुडी तिच्या आईवडिलांची, फर्डिनंड आणि इसाबेलाची. साखळदंड लावलेला जाळीचा दरवाजा, म्हणजे पोर्टकलिस, आजीकडून आला, मार्गारेट बोफर्टच्या घराण्यातून. बेडीत बसलेला ससाणा आईच्या माहेरचा, यॉर्क घराण्याचा. हेन्रीने गादी लढाईत जिंकलेली, त्यामुळे मुलाच्या थडग्याभोवतीसुद्धा आपलं रक्त कुठून आलं आणि सोयरीक कुणाशी झाली हे ठासून सांगणं त्याला गरजेचंच होतं. पोरगं गेलं तरी राजकारण चालूच!

दुसरी गडबड बॅज आणि कोट ऑफ आर्म्स एकच धरण्याची. कोट ऑफ आर्म्स म्हणजे ढालीवरची रचना, ती त्या माणसाची, वडील हयात असताना मुलालासुद्धा ती जशीच्या तशी वापरता येत नाही, फरक दाखवावा लागतो. बॅज हे आपल्याकडच्या पक्षाच्या निवडणूक चिन्हासारखं, ते नोकरचाकर आणि सैनिकसुद्धा अंगावर लावायचे. म्हणून शहामृगाची पिसं दिसली की लगेच 'प्रिन्स ऑफ वेल्स' (गादीचा वारस) म्हणून मोकळं होऊ नका, ती राजघराण्यातल्या इतरांनीही वापरलीत. कँटरबरीला ब्लॅक प्रिन्सच्या (तिसऱ्या एडवर्डचा थोरला मुलगा, मृत्यू १३७६) थडग्यावर तर दोन्ही प्रकारच्या ढाली आहेत, राजघराण्याची आणि काळ्यावर तीन पिसांची. खात्री करायची तर राजाच्या ढालीवर वरच्या बाजूला आडवी पट्टी आणि तिला लोंबणारे तीन तुकडे आहेत का बघा. त्याला लेबल म्हणतात, ते नुसतं पांढरं, वर काही खूण नसलेलं असेल तर थोरला मुलगा.

डावं-उजवं तर हमखास चुकतं. ढाल धरणाऱ्याच्या बाजूने मोजायचं, बघणाऱ्याच्या नाही. उभी अर्धी कापलेली ढाल असेल तर बघताना आपल्या डाव्या हाताला येणारा अर्धा भाग नवऱ्याचा, उजवा बायकोचा, आणि बिशप असेल तर डावीकडे त्याच्या धर्मप्रांताचं चिन्ह, उजवीकडे त्याचं स्वतःचं. एखादा सिंह नेहमीपेक्षा उलटा बघत असेल तर कारागीर चुकला असं लगेच ठरवू नका, समोरच्या ढालीकडे किंवा अल्टरकडे (वेदीकडे) तोंड यावं म्हणून मुद्दाम फिरवायचे. फक्त आपला फोटो मिरर झालेला नाही ना तेवढं आधी तपासा.

काही केल्या घराणं जुळत नसेल तर ते घराणं नसेलच, नावावरचा विनोद असेल! सेंट ऑल्बन्सला अॅबट (मठाधिपती) रॅमरिजच्या चॅपलवर मेंढे आहेत, त्यांच्या गळ्यातल्या पट्ट्यावर 'रिज' कोरलंय, मेंढा म्हणजे रॅम, झालं नाव पूर्ण. इलीला बिशप अॅलकॉकचा कोंबडा (कॉक) तसाच.

ढाल कधीची हे ओळखायला फ्रान्सची लिलीची फुलं बघा. १३४० पासून इंग्लंडच्या राजांच्या ढालीत ती विखुरलेली असायची, १४०० नंतरच्या काही वर्षांत मोजून तीनच उरली. आणि रंगावर भरवसा नको, आज दिसणारा रंग बऱ्याचदा नंतरचा असतो. रंग न भरता तो दाखवायला उभ्या रेघा म्हणजे लाल, ठिपके म्हणजे सोनेरी ही पद्धत सतराव्या शतकातली, मध्ययुगीन दगडावरच्या रेघांना ती लावू नका. चेहरे फुटलेल्या मूर्ती दिसल्या तर तो बहुतेक वेळा धर्मसुधारणेच्या (रिफॉर्मेशनच्या) काळातला राग, १५४७ च्या कायद्याने तर चँट्रीच बंद केल्या. ढाली मात्र बऱ्याच ठिकाणी वाचल्या, कारण तोडणाऱ्यांचा राग संतांवर होता, राजाच्या चिन्हांवर नाही.