जोर मोजणारी पेटी

तालमीतली पोरं जोर मारताना आकडा विसरतात, आणि वस्तादांनी विचारलं की दोन-चार वाढवूनच सांगतात. म्हणून पुतण्याला ही पेटी करून दिली. छातीखाली जमिनीवर ठेवायची. छाती खाली येऊन वर गेली की एक जोर.

सामान थोडंच: आर्डुइनो उनो हा प्रोग्राम चालवणारा छोटा बोर्ड, एचसी-एसआर०४ हा आवाजाने अंतर मोजणारा अल्ट्रासोनिक सेन्सर आणि टीएम१६३७चा चार आकडी डिस्प्ले. सेन्सर आणि डिस्प्ले दोघांनाही ५ व्होल्ट आणि ग्राउंड द्या. सेन्सरचा ट्रिग (आवाज सोडायचा इशारा घेणारी पिन) आर्डुइनोच्या ९ नंबरच्या पिनला, एको (परतीचा इशारा देणारी) १०ला. डिस्प्लेचा सीएलके २ला, डीआयओ ३ला. डिस्प्लेची लायब्ररी, म्हणजे तो चालवणारा कोड, तयार मिळते, त्यात डोकं घालू नका.

ट्रिगला १० मायक्रोसेकंद हाय (५ व्होल्ट) दिलं की सेन्सर ४० किलोहर्ट्‌झचा आवाज सोडतो. कानाला तो ऐकू येत नाही. तो छातीवर आपटून परत यायला लागलेला वेळ पल्सइन हे आर्डुइनोचं फंक्शन मायक्रोसेकंदांत देतं. त्याला ५८ने भागलं की अंतर सेंटीमीटरमध्ये. दोन मोजण्यांमध्ये ६० मिलिसेकंद जाऊ द्या, नाहीतर आधीचा प्रतिध्वनी पुढच्या मापात घुसतो.

आता खरी मेख. ‘१५ सेंटीमीटरच्या आत आलं की एक वाढव’ एवढंच लिहिलंत, तर छाती खाली असेपर्यंत आकडा धावतच राहील. सीमा दोन हव्यात. १५च्या आत सलग दोन मापं आली की ‘खाली’ अशी खूण ठेवा. आकडा मात्र वाढवायचा तो अंतर ३०च्या पुढे गेल्यावरच, आणि तेव्हाच खूण पुसायची. मधल्या पट्ट्यात छाती थरथरली तरी काही बिघडत नाही. अर्धवट जोरही मोजला जात नाही. पोरांची खरी तक्रार तीच आहे! हे आकडे माझ्या पुतण्याच्या अंगकाठीचे. तुमचे पट्टी लावून ठरवा.

पल्सइनला ३०,००० मायक्रोसेकंदांची मुदत द्या. प्रतिध्वनी आलाच नाही तर ते शून्य परत देतं, आणि शून्य १५पेक्षा लहानच की! ते माप सरळ टाकून द्या.

२ सेंटीमीटरच्या आतलं या सेन्सरला नीट कळत नाही. म्हणून तो लाकडी पेटीत तीन-चार सेंटीमीटर खोल बसवा. पण भोक ऐसपैस ठेवा, कडांवरूनही आवाज परततो. सैल बनियन लोंबत असेल तर माप कापडाचं येतं. उघड्या अंगाने उत्तम. घामासाठी दर वेळी फडकं फिरवा, आणि पेटी लाल मातीत नको, बाहेरच्या फरशीवर ठेवा.

आकडा शून्य करायला वेगळा कोड लागत नाही. रिसेट पिन आणि ग्राउंड यांच्यामध्ये एक पुश बटन जोडून ते पेटीवर आणा. वीज मोबाइलच्या चार्जरवरून घ्या. एवढ्याशा करंटवर बऱ्याच पॉवर बँका आपोआप बंद पडतात.