आयलॅश एक्स्टेन्शनपूर्वीची पॅच टेस्ट: ती कशी घ्यावी आणि निकाल कसा वाचावा

एक्स्टेन्शन, म्हणजे पापणीच्या केसांवर ग्लूने चिकटवायचे कृत्रिम केस, लावण्याआधी पॅच टेस्ट, म्हणजे ॲलर्जी होते का हे पाहणारी छोटी चाचणी, करावी, हे आता बहुतेकांना ऐकून तरी माहीत असते. मात्र ती कशासाठी करायची हे नीट ठाऊक नसल्यामुळे पुष्कळदा ती अशी उरकली जाते की तिच्यातून काहीच कळत नाही. काम सुरू करण्याच्या दहा मिनिटे आधी मनगटावर ग्लूचा थेंब ठेवायचा आणि 'काही होत नाही ना?' असे विचारून पुढे जायचे, ही निव्वळ औपचारिकता झाली. ज्या ॲलर्जीची खरी भीती असते, ती दहा मिनिटांत दिसतच नाही.

याचे कारण ग्लूच्या स्वरूपात आहे. एक्स्टेन्शनच्या ग्लूमधला मुख्य घटक सायनोॲक्रिलेट हा असतो आणि हवेतील ओलावा मिळताच तो घट्ट होतो. त्याची ॲलर्जी बहुधा उशिरा प्रकट होणाऱ्या प्रकारची असते. त्वचेतील संरक्षक पेशींनी तो घटक ओळखून दाह निर्माण करण्यास काही तासांपासून दोन-तीन दिवसांपर्यंतचा अवधी लागतो. पॅच टेस्टचे जनक मानले जाणारे त्वचारोगतज्ज्ञ योझेफ यादासोन यांनी १८९५ मध्ये ही पद्धत मांडली, आणि आजही त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर लावलेले पॅच साधारण ४८ तासांनी काढून पाहतात आणि त्यानंतर एक-दोन दिवसांनी पुन्हा तपासतात. पार्लरमधील चाचणी तितकी काटेकोर नसते, पण थांबण्याचा नियम तिलाही तेवढाच लागू आहे. म्हणून चाचणी आणि प्रत्यक्ष काम यांत किमान ४८ तासांचे अंतर ठेवावे. चोवीस तासांचे अंतरही प्रचलित आहे, पण माझ्या मते ते अपुरे आहे.

चाचणीपूर्वी काही प्रश्न विचारून घ्यावेत. पूर्वी एक्स्टेन्शन, तात्पुरत्या चिकटवायच्या पापण्या, ॲक्रिलिक किंवा जेल नखे, हेअर डाय, बँडेजची चिकटपट्टी किंवा लॅटेक्स यांपैकी कशाचा त्रास झाला होता का, हे विचारावे. डोळे आलेले असणे, पापणीच्या कडांना सूज, पापणीवरील एक्झिमा किंवा नुकतीच झालेली डोळ्यांची शस्त्रक्रिया यांपैकी काही असेल, तर चाचणीही पुढे ढकलावी. स्टिरॉइडच्या गोळ्या किंवा मलम चालू असेल, तर प्रतिक्रिया दबून चाचणी खोटी निर्धास्तता देऊ शकते. अशा वेळी औषध स्वतःच्या मनाने बंद न करता तो कोर्स संपेपर्यंत थांबणे बरे.

प्रत्यक्ष चाचणीत सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की, पुढे जे काही वापरले जाणार आहे, तेच सर्व चाचणीतही वापरावे. ग्लू तोच, शक्यतो त्याच बाटलीतला. त्याबरोबरच डोळ्यांखाली लावायचा जेल पॅड, टेप, प्रायमर आणि क्लीन्झरही तेच. सगळा दोष ग्लूवर टाकायची सवय असली, तरी पॅड किंवा टेपच्या चिकट थरानेही डोळ्यांखालची त्वचा लाल होते, आणि तो ठसा पॅडच्या आकाराचाच उमटतो, त्यामुळे ओळखणे अवघड जात नाही.

पापण्यांचे केस स्वच्छ करून कोरडे करावेत आणि डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे तीन ते पाच एक्स्टेन्शन नेहमीच्या पद्धतीने लावावीत. एकेक नैसर्गिक केस वेगळा घ्यावा आणि मुळापासून सुमारे अर्धा ते एक मिलिमीटर अंतर सोडावे, म्हणजे ग्लू त्वचेला टेकणार नाही. मी एकाच डोळ्यावर चाचणी घेण्याचा आग्रह धरते, कारण दुसरा डोळा तुलनेसाठी तसाच राहतो आणि त्रास झालाच तर काढायचे केसही मोजकेच असतात.

कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला ग्लूचा ठिपका लावण्याची पद्धतही आहे. डोळ्याजवळ चाचणी नको असणाऱ्यांसाठी ती चालेल, पण तिच्या मर्यादा लक्षात घ्याव्यात. पापणीची त्वचा शरीरातील सर्वांत पातळ त्वचांपैकी एक असल्यामुळे कानामागे काही झाले नाही, एवढ्यावरून पापणीची खात्री देता येत नाही. उलट ग्लू थेट त्वचेवर लागल्याने ॲलर्जी नसतानाही चुरचुर होऊ शकते. ठिपका टाचणीच्या टोकाएवढाच असावा आणि तो कापसाने पसरवू किंवा पुसू नये, कारण सायनोॲक्रिलेट कापसाला लागल्यास एकदम उष्णता निर्माण होऊन त्वचा भाजू शकते.

पुढच्या दोन दिवसांत ग्राहकाने नवीन क्रीम, काजळ किंवा मस्कारा सुरू करू नये. नाहीतर पुरळ कशामुळे आले हे कोणालाच सांगता येणार नाही. चोवीस आणि अठ्ठेचाळीस तासांनी दिवसाच्या उजेडात दोन्ही डोळ्यांचे फोटो काढून ठेवावेत.

निकाल वाचताना साधी जळजळ आणि ॲलर्जी यांत गल्लत होते. काम चालू असताना डोळे नीट मिटलेले नसले, तर ग्लूच्या वाफेमुळे डोळ्याचा पांढरा भाग लाल होतो, पाणी येते आणि झोंबते. हे लगेच सुरू होते आणि सहसा काही तासांत, फार तर एका दिवसात ओसरते. ॲलर्जीचा क्रम उलटा असतो. सुरुवातीला सगळे ठीक वाटते. मग पापणीलाच खाज सुटते, ती लाल होते, फुगते, कधी बारीक पुरळ येते किंवा त्वचा सोलवटते, आणि हे तासागणिक वाढत जाते. डोळ्याची लाली उतरत असेल तर कामाची पद्धत सुधारावी. पापणीची सूज चढत असेल तर काम करूच नये.

अशा वेळी एक्स्टेन्शन ओढून काढू नयेत. सूज हलकी असेल तर रिमूव्हरने, डोळे पूर्ण मिटून, ती काढून घ्यावीत आणि थंड पाण्याची घडी ठेवावी. सूज जास्त असेल, दुखत असेल किंवा दिसायला धूसर होत असेल, तर थेट नेत्रतज्ज्ञाकडे जावे. श्वासाला त्रास किंवा ओठ-जिभेवर सूज दिसली, तर तातडीच्या उपचारांना क्षणाचाही उशीर करू नये. त्यानंतर दुसऱ्या ब्रँडचा ग्लू वापरून पाहण्याचा मोह टाळावा. 'संवेदनशील डोळ्यांसाठी' म्हणून विकल्या जाणाऱ्या ग्लूची वाफ कमी असते, त्यामुळे झोंबणे कमी होते. पण तोही बहुधा सायनोॲक्रिलेटचाच असतो. काळा ग्लू सोडून पारदर्शक घेतल्यानेही फक्त काजळीचा रंग वगळला जातो. एकदा जडलेली ही ॲलर्जी सहसा जात नाही, आणि शस्त्रक्रियेनंतर जखम चिकटवण्यासाठी वापरले जाणारे काही ग्लू याच कुळातले असल्यामुळे ती डॉक्टरांना सांगून ठेवणे आवश्यक आहे.

चाचणी निर्दोष आली, तरी ती फक्त त्या दिवसापुरती आणि त्या ग्लूपुरतीच खरी मानावी. ज्या व्यक्तीचा या घटकाशी पहिल्यांदाच संबंध येतो, तिच्या शरीराला तो ओळखायला बरेच दिवस लागू शकतात. म्हणूनच पहिली चाचणी बिनबोभाट पार पडूनही पाचव्या-सहाव्या रिफिलला (गळालेल्या एक्स्टेन्शनच्या जागी नवी लावताना), किंवा वर्षानुवर्षे एक्स्टेन्शन वापरल्यानंतरही, ॲलर्जी उद्भवल्याचे आढळते. ग्लू बदलला, मध्ये सहा महिन्यांहून अधिक खंड पडला, गर्भारपण किंवा मोठे आजारपण येऊन गेले, किंवा मागच्या वेळी किंचित खाज आली होती असे ग्राहकाने ओझरते जरी सांगितले, तरी चाचणी नव्याने घ्यावी. प्रत्येक वेळी तारीख, ग्लूचे नाव, बॅच क्रमांक, बाटली उघडल्याचा दिवस, वापरलेले पॅड व टेप आणि दोन्ही वेळचे निरीक्षण नोंदवून ग्राहकाची सही घ्यावी.