कौल लागल्याशिवाय तारीख छापू नका

सिंधुदुर्गातल्या लोककलांसाठी काहीतरी एकत्र उभं करायचं ठरवून इकडे येणाऱ्या मुलामुलींचे फोन मला अधूनमधून येतात. पहिला प्रश्न बहुतेकदा पैशांचा असतो. संस्थेची नोंदणी, देणगीदारांना करसवलत देणारी ८०जी, कंपन्यांचा सामाजिक निधी (सीएसआर) घेण्यासाठीची सीएसआर-१ नोंदणी हे तुम्हाला ठाऊक असेलच. हा निधी कशावर खर्चता येतो त्या यादीत, म्हणजे कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात, पारंपरिक कला आणि हस्तकला बसतात, हेही माहीत असेल. पैसा मिळवताना दमछाक होते, पण तो मिळतो. माझं पहिलं वर्ष बुडालं ते तारखेमुळे.

बेत असा होता: फेब्रुवारीतला एक शनिवार-रविवार, कुडाळात. रात्री दशावतार हे इथलं लोकनाट्य, संध्याकाळी पिंगुळीच्या ठाकर कलाकारांची चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत सांगितलेली कथा, आणि कळसूत्री बाहुल्या, दिवसभर सावंतवाडीची लाकडी खेळणी आणि गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले पत्ते. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांची प्रत्येकी १२, अशी १२० पानं असतात. तीच पानं हातात घेऊन मुलांना कथा सांगायच्या आणि रात्री त्यांना नाटकाला बसवायचं, ही कल्पना मला आजही आवडते. सगळे ‘होय’ म्हणाले. सगळ्यांची संमतिपत्रं माझ्या फाइलमध्ये होती. हॉलचं आगाऊ भाडं भरलं, पत्रिका छापल्या.

मग आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेची तारीख जाहीर झाली. तोच शनिवार.

ही जत्रा तिथीवर ठरत नाही. देवीला कौल लावून, म्हणजे तिची संमती विचारून, दरवर्षी दिवस ठरतो. त्या दिवशी मुंबईहून चाकरमानी येतात, कोकण रेल्वे जादा गाड्या सोडते, आणि जिल्ह्यातला माणूस दुसरीकडे कुठे जात नाही. माझे प्रेक्षक गेले, मदत करणारी पोरं गेली, पुरस्कर्त्याने दुसरा हप्ता थांबवला. सगळ्यात वाईट म्हणजे, एका चित्रकथी कुटुंबाने माझ्या शब्दावर शाळेचा दुसरा कार्यक्रम नाकारला होता. त्यांना फोन करून रद्द झाल्याचं सांगणं मला अजून आठवतं. पलीकडून फक्त ‘बरां’ एवढंच आलं.

हे नीट समजून घ्या, म्हणून जरा लांबण लावते. इथल्या तारखा तीन तऱ्हेच्या असतात. काही तिथीच्या: सोनुर्लीच्या माउलीची जत्रा त्रिपुरारी पौर्णिमेनंतर, कुणकेश्वरची महाशिवरात्रीला. त्या पंचांगात सापडतात, पण गेल्या वर्षीची यादी उचलून चालत नाही. तिथी इंग्रजी तारखेच्या हिशेबात साधारण ११ दिवस मागे सरकते आणि अधिक महिना आला की एकदम पुढे जाते. दुसऱ्या कौलाच्या. आणि तिसऱ्या, ज्या कुठेच लिहिलेल्या नसतात: लहान गावातली जत्रा, जिथे एकच दशावतारी मंडळ वर्षानुवर्षं धयकालो, म्हणजे जत्रेतला दशावताराचा प्रयोग, करतं. तिथे ना पत्र असतं, ना करार. पण ती रात्र मंडळ कोणासाठीही मोडणार नाही, आणि मोडूही नये. दिवाळी सरली की वैशाखापर्यंत मंडळांच्या रात्री अशाच भरलेल्या असतात. मला ‘होय’ म्हणताना त्यांच्या मनात ‘त्या रात्री जत्रा नसली तर’ हे होतंच. ते उच्चारायची त्यांना गरज वाटली नाही आणि मी विचारलं नाही.

एका मंडळाचे पेटीवाले काका मला नंतर म्हणाले, “ताई, देवी तुमचा कॅलेंडर बघून कौल देना नाय. आधी आमका इचारूचा होता.” त्या दिवसापासून मी त्यांनाच गुरू मानते. प्रकल्प अहवाल तयार करून देणारे सल्लागार मी दोनदा पाहिले. दोन्ही अहवालांत ‘समन्वय’ हा शब्द पानोपानी होता आणि जत्रांची यादी एकातही नव्हती. त्यांना पैसे देऊ नका. त्या पैशांत एक पावसाळा गावं फिरून होतात.

तुम्ही आत्ता असंच काही बुडवून बसला असाल, तर घाबरू नका. इथली माणसं चूक लक्षात ठेवतात, पण दारही उघडं ठेवतात. मी आषाढात परत गेले, मंडळं घरी असतात तेव्हा. चहा पीत आम्ही एका साध्या वहीत प्रत्येकाच्या रात्री लिहिल्या. कौलाच्या जागा कोऱ्या सोडल्या. वही भरल्यावर दिसलं की वेगळा महोत्सव घालायला जागाच नाही, आणि त्याची गरजही नाही. माणसं जत्रेला जमलेलीच असतात. एका गावच्या मानकऱ्यांनी परवानगी दिली आणि पालखीच्या प्रदक्षिणेआधी, ओटी भरायला आलेल्या गर्दीसमोर, अर्धा तास चित्रकथी झाली. बाहेर खाज्याच्या दुकानांच्या रांगेत खेळण्यांचं एक दुकान लागलं. रात्री नेहमीसारखा आडदशावतार, म्हणजे नाटकाचा पूर्वरंग, मग आख्यान, म्हणजे मुख्य कथा. कुडाळच्या हॉलमध्ये जमले असते त्याहून कितीतरी जास्त लोक तिथे होते. मानधन आधी ठरवलं, लिहून दिलं, त्याच रात्री चुकतं केलं. यात कधीही उधारी करू नका.

दुसऱ्या एका गावाने नकार दिला. तिथे मी पुन्हा विचारलेलं नाही. देवळात काय व्हावं हे गावकरी ठरवतात आणि निधीच्या जोरावर ते बदलायला जाणाऱ्याने हे काम करूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. चित्रीकरणाचंही तसंच. दशावताराला लिखित संहिता नसते, संवाद नटाने तिथेच रचलेले असतात, त्यामुळे न विचारता मोबाइलवर टिपून यूट्यूबवर टाकलेला प्रयोग म्हणजे त्याची कमाई उचलणं आहे.

वही आता माझ्याकडे नसते. ती पेटीवाल्या काकांच्या घरी असते आणि मंडळंच ती भरतात. बघायची असेल तर पावसाळ्यात या. तुळशीचं लग्न झालं की ते रात्री घरी सापडत नाहीत, आणि दिवसा झोपलेले असतात.